माहेरी बाळंतपण, सासरी नोंदणी: सरकारी मदत नेमकी कोणत्या दारी मागायची?

मंगळवारपेठेतली_सासूबाई
नमस्कार. माझ्या सुनेला पाचवा महिना सुरू आहे. पहिलेच बाळंतपण असून डॉक्टरांनी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातील तारीख दिली आहे. ती गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत एका फौंड्रीच्या कार्यालयात हिशेब सांभाळते. माहेर निपाणीचे. सातव्या महिन्यात डोहाळजेवण उरकून तिला माहेरी पाठवावे, पहिले बाळंतपण आमच्याकडेच व्हायला हवे, असा व्याह्यांचा आग्रह आहे आणि रीत म्हणून तो चुकीचाही नाही.

नोंदणी मात्र कोल्हापुरात झाली आहे. आशाताई घरी येऊन गेल्या, माता-बाल संरक्षण कार्ड मिळाले, रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन ९.८ निघाले. निपाणी जवळ असली तरी राज्य वेगळे आहे. मातृ वंदना योजनेचे पैसे कोणत्या राज्याकडे मागायचे? मोफत बाळंतपणाची सोय तिकडे लागू होते का? बाळंतपणानंतर घरी येऊन बाळ पाहणारी आशाताई इकडची असेल की तिकडची? चौकशी केली तेव्हा एकाने पैशांचे सांगितले, दुसऱ्याने रुग्णवाहिकेचे. सगळे एकत्र कोणीच सांगितले नाही. जाणकारांनी कृपया लिहावे.

तांबडा_पांढरा
राज्य बदलता येईल, व्याही बदलता येत नाहीत. तेव्हा पहिला करार त्यांच्याशी करावा. सीमाप्रश्न इतकी वर्षे सुटलेला नाही, तुमचा ऑगस्टपर्यंत सुटावा अशी मनापासून शुभेच्छा.

करवीरची_आशा
ताई, मी करवीर तालुक्यात आशा म्हणून काम करते, त्यामुळे तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. दवाखान्यात बाळंतपण झाले की आम्ही तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जातो. बाळाचे वजन, तापमान, नाळ, अंगावर पिण्याची पद्धत पाहतो आणि आईला ताप, जास्त रक्तस्राव किंवा दुखणे आहे का हे विचारतो. या भेटी ज्या घरी बाळ-बाळंतीण असतील तिथली आशा देते. अडचण अशी की निपाणीच्या ताईंच्या यादीत तुमच्या सुनेचे नावच नसते आणि माझ्यासारखीच्या यादीत नाव असते, पण घराला कुलूप असते. माझ्या भागात लेकी माहेरी आल्याचे मला पुष्कळदा बारशाच्या निमंत्रणावरून कळते, तोपर्यंत पहिल्या आठवड्यातल्या भेटी गेलेल्या असतात.

म्हणून दोन गोष्टी कराव्यात. निघण्यापूर्वी इथल्या आशाताईंना माहेरचा पत्ता व फोन द्यावा, आणि तिकडे पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात जवळच्या अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात कार्ड दाखवून नाव घालून घ्यावे. कर्नाटकात त्याला तायी कार्ड म्हणतात, मात्र आपल्या कार्डावरच्या तपासण्या, धनुर्वाताच्या लसी आणि आरसीएच क्रमांक, म्हणजे माता-बाल आरोग्याचा नोंदणी क्रमांक, कोणतीही नर्स वाचू शकते. कार्ड सासरच्या कपाटात राहता कामा नये. ते तिच्या पिशवीतच असावे.

बिनसाखरेचा_चहा
एवढ्या खिडक्या फिरण्यापेक्षा खासगी रुग्णालयात नाव घालावे, हे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांना परवडते त्यांनी सरकारी व्यवस्थेवर भार का टाकावा? आमच्या घरातली दोन्ही बाळंतपणे खासगीत झाली, आशाताई कधी दारात आल्याचे मला आठवत नाही आणि काही अडलेही नाही.

निवृत्त_परिचारिका
चहावाले भाऊ, आपले काही अडले नाही याचा आनंद आहे, पण 'अडले नाही' ही तपासणी होत नाही. महाराष्ट्रात २०१८ ते २०२० या काळात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू नोंदले गेले. देशाचा आकडा ९७ होता आणि केरळचा १९. महाराष्ट्र इथवर आला तो वेळेवर नोंदणी, लोहाच्या गोळ्या, दवाखान्यातील बाळंतपण आणि वेळेत मिळालेली गाडी व रक्त यांमुळे. खासगीत बाळंतपण करायचे असले तरी सरकारी नोंदणी करता येते आणि करावीच. त्याने कोणावर भार पडत नाही, उलट कोणत्या घरात गर्भवती आहे हे यंत्रणेला कळते.

आता सासूबाईंसाठी थोडे सविस्तर. गरोदरपणात किमान चार तपासण्या धरल्या आहेत: पहिली बारा आठवड्यांच्या आत, दुसरी १४ ते २६ आठवड्यांत, तिसरी २८ ते ३४ मध्ये आणि चौथी ३६ नंतर. प्रत्येक वेळी वजन, रक्तदाब, लघवी आणि हिमोग्लोबिन पाहायचे असते. शिवाय दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी ठिकाणी तज्ज्ञ डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. हे अभियान २०१६ पासून सुरू आहे. खासगीत दाखवत असाल तरी ९ तारखेला एकदा जाऊन यावे, दुसरी नजर फिरते.

हिमोग्लोबिन ११ पेक्षा कमी म्हणजे रक्तक्षय, ७ पेक्षा कमी म्हणजे तीव्र. ९.८ हे मध्यम आहे. नेहमीची लोहाची गोळी रोज एक, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस असते. तुमच्या सुनेसारख्या आकड्याला डॉक्टर मात्रा दुप्पट करतात आणि महिन्याने रक्त पुन्हा पाहतात. वाढले नाही तर शिरेतून लोह देता येते. तेव्हा तिने माहेरी जाण्याआधी पुढचा आकडा हातात असलाच पाहिजे. गोळी कॅल्शियमबरोबर घेऊ नये, चहाबरोबर तर मुळीच नाही, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. शौच काळे होते, त्याने घाबरून गोळ्या बंद करणाऱ्या बायका मी आयुष्यभर पाहिल्या.

गुऱ्हाळघर
गोळ्यांचे ठीक आहे, पण कोल्हापूरच्या घरात रक्त वाढवायला रोज गुळाचा खडा आणि शेंगदाणे देतात. आमच्या तीन पिढ्या त्यावर उभ्या राहिल्या.

निवृत्त_परिचारिका
गूळ-शेंगदाणे अवश्य द्यावेत, शेंगदाण्यातून प्रथिनेही मिळतात. परंतु गुळात लोह असते ते अल्प, आणि ९.८ चे ११ करण्याइतके ते खड्याने भरून निघत नाही. त्यातून गरोदरपणातील मधुमेहाची तपासणी, म्हणजे ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायला देऊन दोन तासांनी घेतलेली साखर, १४० किंवा त्याहून जास्त आली तर हाच खडा बंद करावा लागतो. आजरा-चंदगडकडची नाचणी मात्र जरूर द्यावी. १०० ग्रॅम नाचणीत ३४० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते.

गुऱ्हाळघर
गुळाची बाजू मांडायला आलो होतो, नाचणी घेऊन परत निघालो. चालेल.

आस्थापना_विभाग
मी एका कारखान्यात मनुष्यबळाचे काम पाहतो. सासूबाईंच्या पहिल्या प्रश्नातच एक मेख आहे आणि ती अजून कोणी उचललेली नाही. मातृ वंदना योजना ही केंद्राची योजना आहे. पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात: ३,००० नोंदणी आणि किमान एका तपासणीनंतर, २,००० बाळाची जन्मनोंद आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसींनंतर. पैसे थेट आईच्या आधार जोडलेल्या खात्यात जातात. त्यामुळे राज्याचा प्रश्न दुय्यम ठरतो. अर्ज जिथे केला तिथला चालतो, खाते मात्र तिचे आणि सुरू असलेले हवे. आपल्याकडे अडते ते नावावर: आधारवर माहेरचे, बँकेत सासरचे आणि कार्डावर तिसरेच.

पण आपल्या सूनबाई पात्र आहेत का, हे आधी पाहावे लागेल. केंद्र-राज्य सरकार वा सार्वजनिक उपक्रमातील नियमित नोकरदार, तसेच कोणत्याही कायद्याने असाच लाभ मिळणाऱ्या स्त्रिया या योजनेतून वगळल्या आहेत. फौंड्री म्हणजे कारखाना. तिथे १९६१ चा मातृत्व लाभ कायदा लागू होता; नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. २०१७ च्या दुरुस्तीने आलेली पहिल्या दोन अपत्यांसाठीची २६ आठवड्यांची पगारी रजा त्या संहितेतही कायम आहे. अपेक्षित तारखेपूर्वीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेले असावे लागते आणि प्रसूतीपूर्वी जास्तीत जास्त आठ आठवडे घेता येतात. पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल व राज्य कर्मचारी विम्याची वर्गणी कापली जात असेल, तर हाच लाभ विमा महामंडळाकडून मिळतो. म्हणजे ५,००० रुपयांच्या अर्जामागे धावण्याआधी तिच्या पगारपत्रकावर नजर टाकावी. सहा महिन्यांचा पगार कुठे आणि पाच हजार कुठे!

अजून एक. सातव्या महिन्यात पाठवायचे म्हटले तर हिशेब आठ आठवड्यांत बसत नाही. मधले दिवस बिनपगारी जातील किंवा शिल्लक रजेतून जातील. हे व्याह्यांना कोणीतरी सांगायला हवे.

तांबडा_पांढरा
व्याह्यांना सांगण्याचे काम मनुष्यबळ विभागाकडेच द्यावे, असा ठराव मी मांडतो.

नृसिंहवाडी_घाट
पैशांचे आणि रजेचे झाले, पण महिना कोणता हे कोणी पाहिले का? ऑगस्टचा पहिला आठवडा! मी शिरोळ तालुक्यातली आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत पाणी ५० फुटांच्या वर गेले होते. दोन्ही वेळा पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला. यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी रस्त्यावर आले की कागलहून निपाणीला जाता येत नाही आणि निपाणीहून कोल्हापूरला येता येत नाही. आमच्याकडे पाणी वाढू लागले की दिवस भरत आलेल्या बायकांच्या याद्या निघतात आणि त्यांना आधीच सुरक्षित ठिकाणी हलवतात, कारण कळा सुरू झाल्यावर बोटीत बसवणे हा शेवटचा उपाय आहे.

माझे म्हणणे एवढेच की, माहेरी पाठवायचे असेल तर कळा आल्यावर 'बरे वाटत नाही, कोल्हापूरला आणतो' हा पर्याय मनातून काढावा. ज्या गावात बाळंतपण होणार त्याच बाजूला रक्ताची आणि शस्त्रक्रियेची सोय कुठे आहे हे जुलैपूर्वी ठरलेले असावे.

बिनसाखरेचा_चहा
हा मुद्दा खासगीलाही लागू आहे, हे मान्य. रुग्णवाहिका राज्याची हद्द ओलांडते का?

निवृत्त_परिचारिका
आपत्कालीन १०८ आणि गर्भवती-बालकांसाठीची १०२ या गाड्या प्रत्येक राज्य आपापली चालवते. पलीकडे नेतील का, हे तिथल्या दवाखान्यात आधी विचारून ठेवावे. रात्री दोन वाजता वाद घालण्याची ती गोष्ट नव्हे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम मात्र २०११ पासून देशभर आहे. कोणत्याही सरकारी रुग्णालयात बाळंतपण, शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या, रक्त, आहार आणि घरापासून दवाखान्यापर्यंत व परत घरापर्यंत वाहन मोफत असते. नैसर्गिक बाळंतपणात तीन दिवस आणि सिझेरियनमध्ये सात दिवस जेवण मिळते. त्यासाठी त्या राज्याचे रेशनकार्ड लागत नाही. कोल्हापुरात गुंतागुंत झाली तर सीपीआर हे मोठे सरकारी रुग्णालय आहे, हे आपण गृहीत धरतो. निपाणीत असताना तसा दवाखाना कोणता, हे विचारले पाहिजे.

कागलची_शिक्षिका
विषय सासर-माहेरचा आहे म्हणून लिहिते. आमच्या शाळेजवळच्या माळावर दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात, बहुतेक बीड आणि त्या बाजूच्या. नवरा-बायको मिळून एक कोयता. दोघांची उचल मुकादमाकडून आधीच घेतलेली असते, त्यामुळे बाईने आठव्या महिन्यात सुट्टी घेतली तर खाडा पडतो आणि तो पैशांत कापला जातो. तिची नोंद गावाकडे, पोट इथे आणि बाळंतपण पट्टा पडण्याआधी, म्हणजे हंगाम संपण्याआधी, की नंतर, हे तिलाही ठाऊक नसते. मार्चमध्ये एका कोपीत चार दिवसांचे बाळ मी पाहिले; कार्ड गावी राहिले होते. आमच्या आशाताई रोज गेल्या, वजन घेतले, लसीची तारीख कागदावर लिहून दिली. कोणत्या यादीत ते बाळ बसले, ठाऊक नाही.

आपल्या सुनेला दोन घरे आहेत आणि दोन्हींकडे तिची वाट पाहणारे आहेत. तरीही नोंद हरवते. मग यांचे काय होत असेल?

बिनसाखरेचा_चहा
ही जबाबदारी कारखाना आणि मुकादमाची आहे, आरोग्य खात्याची नव्हे. जो मजूर आणतो त्याने सोय करावी.

करवीरची_आशा
जबाबदारी कोणाची हे ठरेपर्यंत बाळ सहा महिन्यांचे होते, भाऊ. स्थलांतरित बाईचे नाव घेण्यास आम्हाला मनाई नाही, उलट घेणे अपेक्षितच आहे. अडते ते याला की टोळी पंधरा दिवसांत दुसऱ्या शिवारात जाते. कारखान्याच्या गट कार्यालयाकडे टोळी कुठल्या फडात आहे याची माहिती असते. ती आरोग्य केंद्राला रोजच्या रोज मिळाली तरी आमचे अर्धे काम हलके होईल. याला पैसे लागत नाहीत.

रंकाळ्यावरची
मला बाळंतपणानंतरच्या दिवसांबद्दल लिहायचे आहे, कारण धाग्यावर ते अजून आलेच नाही. मी माहेरी, साताऱ्याकडे गेले होते. शेक-शेगडी, अळिवाचे लाडू, डिंक, बाळंतशेपा, सगळे प्रेमाने झाले. बाळाचे वजन रोज कोणी ना कोणी विचारी. मला मात्र तिसऱ्या आठवड्यापासून सकाळी उठावेसे वाटत नव्हते, बाळ रडले की मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसे, आणि 'सगळ्यांनाच होते, सव्वा महिना निघू दे' हे उत्तर ठरलेले होते. नंतर डॉक्टरांनी दहा साध्या प्रश्नांची एक चाचणी घेतली आणि हा आजार आहे, उपचार आहेत, अंगावर पाजत असतानाही घेता येणारी औषधे आहेत, हे सांगितले. पहिल्या काही दिवसांतले रडू येणे आपोआप जाते. दोन आठवड्यांनंतरही राहिले तर थांबू नये. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक २०२२ पासून चालू आहे, मराठीतून बोलता येते.

सासूबाई, एक विचारू का? व्याह्यांना काय वाटते आणि तुम्हाला काय वाटते हे कळले. तिला काय वाटते?

निवृत्त_परिचारिका
रंकाळ्यावरच्या ताईंनी फार नेमके लिहिले. त्यात शरीराची बाजू जोडते. बाळंतपणानंतरचे पहिले २४ तास रक्तस्रावाच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचे, म्हणून ४८ तास दवाखाना सोडू नये, घरी पाहुणे आले असले तरीही. डोके फुटल्यासारखे दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, पोटाच्या वरच्या भागात कळ ही लक्षणे रक्तदाबाची असतात आणि आकडीचा झटका बाळंतपणानंतरही येऊ शकतो. ताप आणि दुर्गंधी असलेला स्राव असेल तर धुरी देऊन वाट पाहू नये.

आणि आशाताईंच्या त्या घरभेटींची पद्धत आपल्याच गडचिरोलीत डॉ. राणी व अभय बंग यांच्या कामातून आली आणि २०११ मध्ये देशभर गेली, हे मला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मंगळवारपेठेतली_सासूबाई
सर्वांचे आभार. काही उत्तरे मिळाली, काही प्रश्न बदलले.

सुनेशी नोंदणीच्याच दिवशी बोलणे झाले होते. तिचा कल मी पहिल्या पोस्टमध्ये मुद्दाम लिहिला नाही, कारण मला नियम काय आहेत हे आधी जाणून घ्यायचे होते. तिला बाळंतपण कोल्हापुरात, जिथे तपासणी चालू आहे तिथेच हवे आहे, आणि त्यानंतर आईकडे जायचे आहे. आता पुराचा आणि रजेचा हिशेब पाहता तिचेच म्हणणे सरस ठरते. पगारपत्रक पाहिले, विम्याची वर्गणी कापली जाते, म्हणजे मातृ वंदनेचा अर्ज आम्ही करणार नाही. डोहाळजेवण निपाणीत करून दुसऱ्या दिवशी परत यायचे, यावर व्याही राजी झाले आहेत. विहीणबाई अजून झालेल्या नाहीत.

आता माझा प्रश्न एवढाच उरतो की बाळंतपणानंतर कितव्या दिवशी निघावे, जेणेकरून आशाताईंच्या भेटी बुडणार नाहीत आणि लसीही चुकणार नाहीत?

करवीरची_आशा
जन्माच्या वेळच्या लसी, म्हणजे बीसीजी, पोलिओचा थेंब आणि कावीळ-बी, दवाखान्यातच होतील. पहिल्या आठवड्यातल्या भेटी इथे होऊ द्या. चौदाव्या दिवसानंतर, पाणी ओसरले असेल आणि दोघांची प्रकृती ठीक असेल, तर निघा. निघण्याच्या आदल्या दिवशी मी असते तर तिकडच्या ताईंना स्वतः फोन केला असता, तुमच्या ताईंनाही तसे सांगा. पुढच्या लसी सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना आहेत. त्या निपाणीत घेता येतात, नोंद आता यू-विन या लसीकरणाच्या ऑनलाइन यंत्रणेवरही होते, पण कार्डावर शिक्का मारून घ्याच. जन्माची नोंद मात्र कोल्हापुरातच, २१ दिवसांच्या आत.

रंकाळ्यावरची
विहीणबाईंना सव्वा महिन्याऐवजी दोन महिने देऊ करा. लगेच मान्य करतील.

नृसिंहवाडी_घाट
थोडे विषयांतर: माझ्या भावजयीला दुसरे अपत्य होणार आहे, पहिला मुलगा आहे, ती शेतमजुरी करते. मातृ वंदना पहिल्यालाच मिळते ना?

आस्थापना_विभाग
१ एप्रिल २०२२ पासून दुसऱ्या अपत्यासाठीही आहे, मात्र ती मुलगी असेल तरच. ६,००० रुपये, एकाच हप्त्यात, जन्मानंतर. पहिला मुलगा की मुलगी याचा संबंध नाही. जन्मापासून २७० दिवसांच्या आत अर्ज व्हायला हवा. मनरेगाचे जॉबकार्ड, ई-श्रम कार्ड किंवा वार्षिक आठ लाखांखालच्या उत्पन्नाचा दाखला यांपैकी एक पुरावा चालतो. गर्भलिंग विचारायचे नाही, हे वेगळे सांगायला नको.

तांबडा_पांढरा
आणि जुळे झाले तर?

आस्थापना_विभाग
दुसऱ्या खेपेच्या जुळ्यांत एक जरी मुलगी असली तरी ६,००० रुपये मिळतात. या वेळी आपला प्रश्न चक्क कामाचा निघाला.